बबिताच्या नावाचा कागद

यवतमाळ,
१७ ऑगस्ट २०२५

चि. बबिता,

जय सेवालाल. इकडे मी आणि तुझी बसंतीकाकू ठीक आहोत. तिचे गुडघे दुखतात, माझी जीभ चालते, म्हणजे सगळं रोजच्यासारखं. झरीकडे फार पाऊस झाला असं पेपरात वाचलं. शाळेचं छत गळतं का? पोरांना ताप-बीप नाही ना? आणि तू कशी आहेस ते आधी लिही. तू बारावीच्या सतरा पोरांची खुशाली लिहितेस अन् स्वतःची विसरतेस.

फोन केला असता, पण तुझा फोन टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही, आणि चिखलात टेकडी चढायला लावावी असं काही माझ्याकडे नाही. पोस्टमन मात्र शाळेच्या दारापर्यंत येतो. म्हणून पत्र.

या महिन्याच्या शेवटी मी रिटायर होतो. एकतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये भिंगं पुसली, सोडियमचे दिवे लावले, तुमच्या विद्यार्थी मंडळाच्या सूचना फळ्यावर टाचल्या. आपल्या विभागाच्या गावंडे मॅडम म्हणतात, काका, तुमच्या जागी माणूस मिळणार नाही. खरंच मिळणार नाही, कारण ती जागाच भरणार नाहीत म्हणे.

तू मंडळाची जुनी सभासद, म्हणून मंडळाच्या बातम्या सविस्तर. एमएस्सीची आणि पीएचडीची मिळून यंदा एकेचाळीस पोरं आहेत. सुरभी म्हणून राळेगावची मुलगी सेक्रेटरी झाली आहे. सायकल सोडून कशालाच भीत नाही अशी आहे, कारण सायकलवरून दोनदा पडली. बातमीपत्र आता फोनवर जातं, पण ती दोन प्रती छापते. एक फळ्यासाठी, एक माझ्यासाठी. मला फोनवर वाचता येत नाही हे तिला न सांगता कळलं. मंडळाच्या कपाटाची तिने नवी यादी केली. नेट-सेटचे जुने पेपर वर्षवार लावले. पुण्या-नागपूरला परीक्षेला गेलेल्या पोरानं मुक्काम कुठे करायचा, कुठल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करायचा, त्याची वेगळी वही केली. तुझ्या क्वांटमच्या नोट्स अजून फिरतात. झेरॉक्सची झेरॉक्स झाली आहे, तरी पोरं तीच मागतात.

तू अकरावी-बारावीच्या पोरांसाठी पुस्तकं मागितली होतीस. बावीस निघाली. दोन गठ्ठे बांधून गुरुवारी पांढरकवड्याच्या बसमध्ये टाकतो. कंडक्टर ओळखीचा आहे. तिथून झरीच्या गाडीत तो चढवून देईल.

आता तुझ्या लेखाचं. सुरभी माझ्या निरोपासाठी बातमीपत्राचा खास अंक काढते आहे आणि तुझा लेख त्यात पहिला आहे, हे तिने मला गुपचूप दाखवलं. चांगलं लिहिलंस. मला वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला. फक्त एक कर. शेवटून दुसरा परिच्छेद, ‘काकांच्या हातातून एकही बातमी कधी हरवली नाही’ असा जो सुरू होतो, तो काढायला सांग. मी सुरभीला म्हटलं तर ती म्हणते, लेख ताईंचा आहे, मी कशी कापू? तूच तिला कळव. कारण विचारू नको. माणसाची एवढी तारीफ बरी नाही, एवढंच समज.

राखीला तांड्यावर गेलो होतो. तुझ्या याडीनं, धनीबाईनं राखी बांधली. ती ठीक आहे, फक्त बारीक दिसते. तुझ्या भावानं, बादलनं सोयाबीन चांगलं राखलं आहे. आईचाच जीव, याडीनं मला विचारलं, "भाऊ, पोरगी अजून किती वर्सं त्या जंगलात राह्यनार?" मी म्हटलं, तिला पोरं आवडतात. मग चहा आला आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

तो परिच्छेद विसरू नको.

तुझा,
किसनकाका

*

यवतमाळ,
२ सप्टेंबर २०२५

चि. बबिता,

आशीर्वाद. पुस्तकं मिळाल्याचं तुझं पत्र शनिवारी सकाळीच आलं. त्यात तू लिहिलंस, ‘परिच्छेद काढणार नाही, तुम्हाला स्वतःची तारीफ सोसत नाही हा तुमचा आजार आहे.’ ते वाचलं आणि त्याच दिवशी दुपारी निरोप समारंभ झाला.

सांगतो कसा झाला. सेमिनार हॉल भरला होता. मला खुर्चीवर बसवलं, शाल दिली. बसंतीबाईला साडी दिली, ती मात्र तिला मनापासून आवडली. मग सुरभीनं उभं राहून तुझा लेख वाचला. तू लिहिलेलं सगळं. तांड्यावर फोन लागत नव्हता तेव्हा मी शनिवारच्या बसनं तुझ्यासाठी फॉर्म कसे आणायचो. तू लॅबमध्ये रडलीस तेव्हा मी म्हटलं होतं, दिवा पिवळा व्हायला वेळ लागतो, तोवर कोणी त्याला नापास म्हणत नाही. आणि मग ते वाक्य. ‘पुण्याच्या संस्थेत अर्ज केला होता, तिथून बोलावणं आलं नाही. तेव्हा काका मला म्हणाले, बाई, फळ्यावरची प्रत्येक सूचना आपल्यासाठी नसते. त्या एका वाक्यावर मी उभी राहिले.’

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुरभी म्हणाली, "काका, दोन शब्द बोला." मी उठलो. माइक हातात घेतला. एकेचाळीस पोरं माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "मले बोलता येत नाही," आणि बसलो. सगळ्यांना वाटलं, गहिवरलो.

हॉल रिकामा झाल्यावर गावंडे मॅडमना लॅबमध्ये बोलावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय होणार? ज्याचं आहे त्याला सांगा. आणि तोंडानं नीट सांगता येत नसेल तर लिहा, पण लवकर." म्हणून आज बसलो आहे. तीन कागद फाडले, हा चौथा.

बबिता, पुण्याहून बोलावणं आलं होतं.

जून २०१९. तुझी एमएस्सीची परीक्षा झाली होती आणि तू तांड्यावर होतीस. मार्चमध्ये तुझ्या बापाला, भावसिंगला लकवा मारला, त्याला उठवणं-बसवणं तू आणि याडी करत होतात. अर्ज तू विभागाच्या कॉम्प्युटरवरून भरला होतास आणि पत्ता मंडळाच्या ईमेलचा दिला होतास. शुक्रवारी तिकडून ईमेल आली. मुलाखत पुढच्या गुरुवारी. तेव्हाचा सेक्रेटरी संजय, त्यानं तुला दहादा फोन लावला. शेवटी कागद छापून माझ्या हातात दिला. म्हणाला, "काका, तुम्ही उद्या चाललेच आहात. बबिताच्याच हाती द्या."

मी शनिवारी आलो. तुला आठवत असेल. तू भावसिंगला भरवत होतीस. मी आधी चुलीजवळ धनीबाईला सांगितलं, पोरीला पुण्याचं बोलावणं आलं. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नोको सांगू भाऊ. ती गेली तर मी एकटी या मानसाले कशी उठवू?" राखी बांधणारी बहीण. तिच्या डोळ्यांत पाणी. मी कागद परत खिशात ठेवला.

मग तू चहा घेऊन बाहेर आलीस. विचारलंस, "काका, कॉलेजात माह्यासाठी काही आलं का?"

मी म्हटलं, "नाही बाई. काही नाही आलं."

सोमवारी संजयला सांगितलं, दिला. पंधरा दिवसांनी तू निकालाला आलीस तेव्हा ते फळ्याचं वाक्य मीच तुला ऐकवलं. तू माझे पाय धरलेस. त्यानंतर तुझं वर्ष बापाच्या उशाशी गेलं, मग बीएड, मग झरीची आश्रमशाळा. भावसिंग दोन वर्षं जगला, तुझ्या हातचं खाऊन गेला, एवढं एक मी मनाशी धरून होतो. एखादी गोष्ट धरून माणूस किती वर्षं काढू शकतो, ते मला कळलं.

तो कागद मी फाडला नाही. नोकरीच्या कागदांत ठेवला होता. सोबत पाठवतो. तो तुझाच आहे.

मॅडम म्हणाल्या, तुझं वय गेलेलं नाही. पुण्याच्या त्याच संस्थेचे पीएचडीचे अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत भरता येतात. चाचणी नागपूरला होते. सुरभीनं मागच्या पाच वर्षांचे पेपर, अभ्यासक्रम आणि अर्जाला काय काय लागतं त्याचं टिपण काढलं आहे. तेही या पाकिटात आहे. तिला मी कारण सांगितलेलं नाही, तिनं विचारलंही नाही. हे मी भरपाई म्हणून पाठवत नाही. मंडळाकडे आलेली सूचना आहे, ती तुझ्यापर्यंत पोचली पाहिजे, म्हणून पाठवतो.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

किसनकाका

*

तांडा, बोरी अरबजवळ,
२१ सप्टेंबर २०२५

बबिता,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. वर ‘श्री. किसनसिंग आडे यांस’ असं लिहिलेलं. माझ्या नावामागे श्री. आजवर फक्त ऑफिसनं लावलं होतं.

तू लिहिलंस, ‘कागद मिळाला. मी रविवारी तांड्यावर जाऊन याडीला विचारलं. याडी वेगळंच सांगते. खरं लिहा, नाहीतर लिहू नका.’

त्या रविवारी मी यवतमाळची खोली खाली करत होतो. बसंतीबाई सामान घेऊन आधी आली होती, तिनं तुला पाहिलं. म्हणाली, "दारावरून गेली. म्या हाक मारली, पानी पन नाही घेतलं." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं.

खरं लिहितो.

धनीबाईनं हात धरला, ती रडली, हे खरं. पण ती म्हणाली ते मी तुला अर्धंच लिहिलं. ती म्हणाली होती, "आज नोको सांगू भाऊ. आजच्या दिवस मले सोसू दे. उद्या सकाळी तूच सांग, मी तिची बॅग भरून देईन. बादल हाय, आमी दोघं उठवू त्याले." एवढं सगळं म्हणाली होती. मी ते गाळलं. इतकी वर्षं मनातल्या मनात गाळत आलो होतो, लिहितानाही हाताला तीच सवय.

मग सकाळी काहून नाही सांगितलं? ते तूच विचारून राह्यली, तर सांगतो.

त्याच आठवड्यात माझ्या सोनूचा निकाल लागला होता. बीएस्सी दुसरं वर्ष, दुसऱ्यांदा नापास. ज्या लॅबचं कुलूप त्याचा बाप उघडतो, त्याच लॅबमध्ये त्याचं प्रॅक्टिकल राहिलं. मी हे कोणाला बोललो नव्हतो. शनिवारी संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसलो होतो. माणसं भावसिंगची विचारपूस करत होती. नायक हसत म्हणाला, "किसन, तू एवढी वर्सं कॉलेजात घासली, पोरगा नाही शिकवता आला तुले. अन् भावसिंग खाटेवर पडला हाय, त्याची पोरगी पाह्य कुठं जाऊन राह्यली."

त्यानं थट्टाच केली. सगळे हसले, मीपण हसलो. कागद माझ्या खिशात होता. तेव्हा तो काढून दाखवला असता तर तांड्यात जेवणावळ झाली असती. मला तो कागद दाखवावासा वाटला नाही. भावसिंग माझा लहानपणापासूनचा दोस्त, एका ताटात जेवलेलो. तो खाटेवर होता आणि मला त्याचा हेवा वाटला. लकवा मारलेल्या माणसाचा हेवा. तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून लिहितो.

सकाळी साडेसहाच्या बसला मी निघालो. तू झोपली होतीस. धनीबाई हापशीवर पाणी भरत होती. तिनं लांबून विचारलं, "सांगतलं का भाऊ?" मी हात वर केला. फक्त हात. ती समजली, सांगितलं. मी बसमध्ये चढलो.

आता तुला याडीकडून कळलंच असेल की तिला इतकी वर्षं काय वाटत होतं. तिला वाटलं, बोलावणं आलं, पण पोरगी बापासाठी स्वतःहून गेली नाही, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून बोललीसुद्धा नाही. म्हणून तीही कधी बोलली नाही. आणि तुला वाटत होतं, आपण कमी पडलो. एका घरात दोघी एकमेकींना जपत राहिल्या, आणि दोघींना जपावं लागलं ते माझ्यामुळे. हे मला माहीत नव्हतं. परवा धनीबाईकडे जाऊन मी तिच्यासमोर बसलो तेव्हा कळलं. ती रागावली नाही. कापसाच्या वाती वळत होती, वळत राहिली. मग म्हणाली, "मी तुले एक दिवस मांगला होता, किसन. तू तिचे सहा वर्सं घेतले." राखीच्या नात्यात ती मला नेहमी भाऊ म्हणते. नावानं पहिल्यांदाच बोलली.

सोनूला पण सांगितलं. तू नापास झाल्याची लाज वाटली म्हणून मी असं केलं, असं. तो दारव्ह्याचं मोबाइलचं दुकान बंद करून आला होता. म्हणाला, "बाबा, मले पहिल्यापासून दुकानच टाकायचं होतं. लॅब तुमाले पाहिजे होती. मले कायले मधात घेता?" बरोबर बोलला.

म्हणजे माझ्याजवळ आता कारण म्हणून काहीच उरलं नाही. धनीबाई नाही, सोनू नाही, नायक नाही. हात वर केला तो मी.

अर्जाबद्दल विचारत नाही. तो मला विचारायचा हक्क नाही. सुरभीच्या टिपणात एक चूक आहे, ती म्हणाली कळवा. जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागतं. तुझं बादलकडे पेटीत आहे, मी त्याला काढून ठेवायला सांगितलं. तू आलीस किंवा कोणाला पाठवलंस तर तो देईल. मी हात लावणार नाही.

दुसरं काही मागणं नाही. तब्येतीला जप. या दिवसांत झरीकडे मलेरिया असतो, मच्छरदाणीशिवाय झोपू नको. हे लिहायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, तरी लिहितो.

तू जसं लिहिलंस तसंच नाव लिहितो.

किसनसिंग आडे

*

आश्रमशाळा, झरी जामणी तालुका,
८ फेब्रुवारी २०२६

बबिता,

तुझ्याच शाळेतून तुला पत्र लिहितो आहे. पोरांनी मला तुझी खुर्ची दिली होती, मी स्टुलावर बसतो. स्टुलाची सवय आहे.

बातम्या सांगतो, तू वाट पाहत असशील. बारावीचं प्रॅक्टिकल झालं. सतराच्या सतरा पोरं बसली. वणीहून परीक्षक आले होते, कडक होते, पण माणूस चांगला. एवढ्या आतल्या शाळेत मीटर ब्रिजवर पोरांचे हात इतके सराईत कसे, असं त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडमनं शिकवलं, काकानं पेट्या उघडल्या." एवढंच आहे, बरोबर आहे.

तू म्हणालीस तशा प्रयोगाच्या सामानाच्या तीन पेट्या बंद होत्या. मी पहिल्याच दिवशी उघडल्या. पहिल्या पेटीच्या गवतात उंदरानं बाळंतपण केलं होतं. दोन गॅल्व्हनोमीटरचे काटे अडकले होते, एक सुटला, एकाला नवी तार लागेल. सोनोमीटर मात्र कोरा करकरीत. त्याची तार पहिल्यांदा छेडली तेव्हा पोरं दारात गोळा झाली. त्यांनी त्याचं चित्र पुस्तकात पाहिलं होतं, आवाज ऐकला नव्हता. तुझ्या प्रभावती टेकामनं कानच लावला त्याला. रोज प्रॅक्टिकल संपल्यावर ती अर्धा तास थांबते, भिंगं पुसते, मी सांगतो तशी, मधून कडेकडे. पाठ नाही केलं, समजून केलं, अशी पोरगी आहे.

सुरभी बातमीपत्राच्या आता तीन प्रती छापते. तिसरी इथे येते. पोरं ती भिंतीला चिकटवतात. जानेवारीच्या अंकात ‘आपल्या माजी सभासद’ म्हणून तुझं नाव होतं, पुण्याला पीएचडीला निवड झाली म्हणून. गोंडी बोलणाऱ्या चार पोरींनी ती बातमी आपल्या आयांना वाचून दाखवली आणि त्यांच्या भाषेत समजावली. एका म्हातारीनं मला विचारलं, ही पोरगी पुण्यात काय करनार? मी सांगितलं, उजेडाचा अभ्यास. ती म्हणाली, चांगलं हाय, तिथंपन लाइन जात असंल.

जानेवारीच्या सात तारखेला तू निघालीस तेव्हा मी बोरी अरबच्या स्टँडवर होतो. चहाच्या टपरीमागे. समोर आलो नाही, ती वेळ धनीबाईची होती. तिनं तुझ्या बॅगेत काय काय कोंबलं ते पाहिलं. लोणच्याची बरणी वर ठेवू नको असं ओरडावंसं वाटलं. गाडी गेल्यावर ती टपरीकडे आली आणि म्हणाली, "बाहेर ये भाऊ, गेली ती." मग आम्ही दोघं चालत तांड्यावर आलो. वाटेत ती फक्त पराटीच्या कापसाचं आणि बादलच्या लग्नाचं बोलली. तुझं काही नाही. पण सोबत चालली.

आता एक काम. काल प्रभावतीनं मला विचारलं, "काका, ताई वापस येतीन का?"

बबिता, आधीचा किसन असता तर लगेच म्हटला असता, येतीन ना, काहून नाही. पोरीला बरं वाटलं असतं, मला चहा मिळाला असता. मी म्हटलं, "मले माहीत नाही, बाई. त्यायले विचारून सांगतो." ती म्हणाली, "नक्की विचारा." तर विचारतो आहे. पाच वर्षांनी येशील, सुट्टीत येशील, कधीच येणार नाहीस, जे असेल ते लिही. जे लिहिशील ते मी तिला वाचून दाखवीन, एक शब्द न गाळता.

मुख्याध्यापक म्हणतात, अकरावीच्या परीक्षेपर्यंत थांबा. राहायला खोली आहे, जेवण पोरांबरोबर. बसंतीबाईला पत्रानं विचारलं. तिनं बादलकडून लिहून पाठवलं, ‘राहा तिथंच, मीच येते पंधरा दिवसांनी, गुडघ्याला जंगलची हवा मानवते का पाहते.’ म्हणजे बोलायला लागली.

आणखी एक राहिलं. डिसेंबरच्या शेवटी तू फोन केलास, तेव्हा तू टेकडीवर होतीस, मी तुरीच्या शेतात, आणि वारं होतं. तू सांगितलेलं सगळं नीट ऐकू आलं. निवड झाली, सात तारखेला निघते, पेट्या बंद आहेत, पोरांचं नुकसान होईल, येता का? मी येतो म्हटलं तेही तुला ऐकू आलं. फक्त अगदी सुरुवातीला, फोन लागल्या लागल्या, तू एक शब्द बोललीस तो तुटला. तो ‘काका’ होता की ‘का हो’ होता, हे मला कळलं नाही. मी बसंतीबाईला विचारलं, तिला काय माहीत? सोनूला विचारलं, फोनमध्ये जुनं बोलणं परत ऐकता येतं का? तो हसला.

मी ‘काका’ ऐकलं, असं धरून इथवर आलो आहे. चूक असेल तर कळव, दुरुस्त करीन. पेट्या तरीही मीच बंद करीन, कागद लावून, उंदीर शिरणार नाही अशा.

उजेडाचा अभ्यास नीट कर. थंडीत कान बांध.

तुझा, जसं ऐकू आलं तसं,
काका